हे तुमच्याकडे कोण करायचं?

थँक्सगिव्हिंग असतो नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, पण आमच्या किचनमध्ये तो आधीच्या शुक्रवारीच सुरू होतो. त्या दिवशी गोठवलेल्या टर्क्यांचे खोके ट्रकमधून उतरतात आणि वॉक-इन कूलरच्या सगळ्यात खालच्या फळीवर जातात. खालच्याच, कारण कच्च्या मांसाचं पाणी ठिबकलं तर ते दुसऱ्या कशावर पडता कामा नये. बर्फ सुटायला चार-पाच पौंडांमागे एक अख्खा दिवस धरायचा, म्हणजे वीस पौंडांच्या टर्कीला चार-पाच दिवस. ज्या घरात हा हिशेब बुधवारी रात्री आठवतो, तिथे गुरुवारी पहाटे टर्की बाथटबमध्ये गार पाण्यात बुडवलेली असते आणि घरातलं कोणीतरी अर्ध्या-अर्ध्या तासाने पाणी बदलत बसलेलं असतं.

मी न्यू जर्सीतल्या एका वृद्धनिवासाच्या किचनमध्ये काम करते. हुद्दा ‘डाएटरी एड’. म्हणजे ट्रे लावायचे, डायनिंग रूममध्ये वाढायचं आणि प्रत्येकाचं कार्ड वाचून ताट भरायचं. यांना मीठ कमी, त्यांना साखर नको, कोणाचं सगळं जेवण मिक्सरमधून काढलेलं, कोणाचं पाणीसुद्धा पावडर घालून दाट केलेलं. सांगली जिल्ह्यातल्या माझ्या माहेरी कार्यात पंगतीत वाढायला मी हौसेने पुढे असायचे. त्याचा पुढे पगार मिळेल असं तेव्हा कोणी सांगितलं असतं तर हसले असते. नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आलो, मुलगी मोठी झाली, घरात बसवेना, म्हणून हे काम धरलं. सणाच्या दिवशी शिफ्ट केली की दीडपट पैसे मिळतात. मी तो गुरुवार मागून घेते, आणि तो काही केवळ पैशांसाठी नाही.

नोव्हेंबर लागला की आमची ॲक्टिव्हिटीवाली बाई लॉबीत एक वाळकी फांदी कुंडीत रोवते. हे ‘थँकफुल ट्री’. शेजारच्या टोपलीत लाल, नारिंगी, तपकिरी कागदाची कापलेली पानं असतात. आपण कशाबद्दल कृतज्ञ आहोत ते एका पानावर लिहायचं आणि दोऱ्याने फांदीला बांधायचं. अमेरिकेत हे बालवाडीपासून चालतं. मुलं कागदावर पंजा ठेवून भोवती पेन्सिल फिरवतात. अंगठ्याचं होतं टर्कीचं डोकं, चार बोटांचा पिसारा, आणि मग एकेका बोटावर एकेक गोष्ट लिहायची: आई, कुत्रा, पिझ्झा, आजी. आमच्या लेकीने पहिलीत केलेल्या टर्कीच्या करंगळीवर ‘वरणभात’ होतं. काही घरांत जेवणाआधी प्रत्येक ताटाशी मक्याचे पाच दाणे ठेवतात आणि एकेक दाणा उचलून एकेक गोष्ट बोलून दाखवतात. प्लिमथच्या इंग्रज वसाहतीत उपासमारीच्या दिवसांत माणशी पाचच दाणे वाट्याला यायचे, अशी त्यामागची आख्यायिका आहे.

आमच्या झाडावरची पानं मी ट्रॉली ढकलत जाता-येता वाचते. ‘कुटुंब’. ‘आरोग्य’. ‘माझी मुलं’. ‘देव’. परत ‘कुटुंब’. त्यात खोटं काही नाही, पण कोरा कागद पुढे आला की माणसं सगळीकडे लिहितात तेच लिहितात. नव्वदीतली ही मंडळी. यांनी महायुद्धाच्या काळातली रेशनकार्डं पाहिली, गावातले कारखाने बंद पडताना पाहिले, जोडीदार पुरले, कोणी कोणी मुलंही. तीही ‘कुटुंब’ एवढं लिहून पेन खाली ठेवतात.

मला याचं नवल वाटत नाही, कारण आमच्या गावाकडे तर एवढंही लिहीत नाहीत. बेंदराच्या आदल्या दिवशी बैलाची खांदेमळणी व्हायची, दुसऱ्या दिवशी त्याला पुरणपोळी भरवायची. बैलाला उद्देशून कोणी दोन शब्द बोललेलं मी ऐकलं नाही, पण वर्षाचं जू ओढलेल्या त्या खांद्यावर लोणी-हळद चोळताना आजोबांचा हात किती वेळ फिरायचा ते पाहिलंय. घरातल्या बाईच्या वाट्याला मात्र तेवढी खांदेमळणीही नव्हती, हेही पाहिलंय.

तर कागदाच्या पानांकडून माझ्या फार अपेक्षा नव्हत्या. पण एका वर्षी वाढता वाढता दुसरीच वाट सापडली. रताळ्याचं कॅसरोल होतं, म्हणजे उकडून लोणी-साखर घातलेली रताळी आणि वर मार्शमेलोचा भाजलेला थर. पहिल्यांदा बघणाऱ्या मराठी माणसाला हे गोड आहे की भाजी, हेच कळत नाही. एक आजी चमच्याने वरचा थर नुसताच टोकरत होत्या. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, “हे तुमच्याकडे कोण करायचं?” आणि त्या सुरूच झाल्या. त्यांचा थोरला भाऊ करायचा. तो कोरियाच्या युद्धात लष्करी खानावळीत आचारी होता. परत आल्यावर त्याला पन्नासहून कमी माणसांचा स्वयंपाक करताच येईना. दर थँक्सगिव्हिंगला तो चार घरांना पुरेल एवढं रताळं रांधायचा आणि मग अख्ख्या गल्लीत वाटत फिरायचा. आजींच्या कागदी पानावर त्या सकाळी काय लिहिलं होतं? ‘कुटुंब’.

तेव्हापासून माझा हा प्रश्न ठरलेला आहे. ‘तुम्ही कशाबद्दल कृतज्ञ आहात’ असं विचारलं की माणूस सभेत उभा राहतो. ‘हे कोण करायचं’ विचारलं की स्वयंपाकघरात शिरतो.

ग्रीन बीन कॅसरोल हा इथला एक न टळणारा पदार्थ. फरसबी, मशरूम सूपचा डबा, थोडं दूध, वर तळलेल्या कांद्याचा कुरकुरीत थर. १९५५ साली आमच्याच न्यू जर्सीत, कॅम्डेनच्या कॅम्पबेल सूप कंपनीच्या प्रयोग-स्वयंपाकघरात डॉर्कस रायली या बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो बसवला. कोणत्याही घरात सापडेल अशा सामानातून, कोणालाही जमेल असा. मूळ रेसिपीचं कार्ड रायलीबाईंनी २००२ मध्ये नॅशनल इन्व्हेंटर्स हॉल ऑफ फेमला दिलं. विजेचे दिवे नि विमानं जिथे मानानं बसली आहेत तिथे ही फरसबीही आहे, याचा मला बाई म्हणून फार आनंद होतो.

एका वर्षी आमच्या शेफला हुक्की आली. ताजी मशरूम परतून, लोणी-मैद्याचा सॉस करून त्याने सगळं हाताने केलं. खरोखर सुरेख झालं होतं. आमच्याकडे एक आजी आहेत, तरुणपणी टोमॅटोच्या हंगामात कॅम्डेनच्या त्याच कारखान्यात पॅकिंगला जायच्या. तो कारखाना १९९०मध्ये बंद पडला. त्यांनी एक घास घेतला, काटा खाली ठेवला आणि मला जवळ बोलावून हळूच म्हणाल्या, “डबे संपले होते का?” त्यांच्या आईने डब्याचंच केलं, त्यांनी डब्याचंच केलं, लेकीने डब्याचंच केलं. त्यांच्या घरची चव म्हणजे ती. शेफ दोन दिवस फुगून बसला होता. मी आजींच्या बाजूने होते. तयार पिठाच्या चकल्यांना नाकं मुरडणाऱ्या आमच्या बायकांनी जरा या आजींशी बोलावं.

क्रॅनबेरीचंही तेच. ही लालभडक आंबट फळं न्यू जर्सीच्या पाइन बॅरन्समध्ये भरपूर पिकतात. आत हवेच्या पोकळ्या असल्यामुळे ती तरंगतात, म्हणून काढणीच्या वेळी शेतात पाणी सोडतात आणि तरंगून वर आलेली फळं गोळा करतात. शेफ ताज्या फळांचा संत्र्याची साल घालून सॉस करतो. मला तो कैरीच्या मेथांब्याइतका आवडतो. पण त्याच्या शेजारी डब्यातली जेलीही ठेवावीच लागते. तीही मोडून नाही, डब्याच्या वळ्या अंगावर उमटलेल्या तशाच, आडवी, गोल चकत्या कापून. वळ्या दिसल्या नाहीत तर ती क्रॅनबेरी नव्हे, असं मानणारी किमान एक पंगत आमच्याकडे आहे.

गप्पांतून इतिहासही कळतो, तो पुस्तकात असतो त्यापेक्षा वाकडातिकडा. कनेक्टिकटमध्ये वाढलेल्या एका बाई सांगतात की त्या लहान असताना एका वर्षी दोन थँक्सगिव्हिंग झाले. मला वाटलं वयाचा घोळ असेल. पण खरंच झाले होते, १९३९ साली. तोवर हा सण नोव्हेंबरच्या शेवटच्या गुरुवारी असायचा. सारा जोसेफा हेल नावाच्या संपादक बाईंनी देशभर एकाच दिवशी हा सण व्हावा म्हणून वर्षानुवर्षं पत्रं लिहिली, आणि १८६३ मध्ये, यादवी युद्ध चालू असताना, लिंकनने तसा जाहीरनामा काढला. १९३९ मध्ये शेवटचा गुरुवार आला ३० तारखेला. ख्रिसमसच्या खरेदीला दिवस कमी पडतात अशी दुकानदारांची तक्रार, म्हणून रूझवेल्टने सण आठवडाभर अलीकडे ओढला. निम्म्याअर्ध्या राज्यांनी ऐकलं, बाकीच्यांनी नाही. न्यूयॉर्कने ऐकलं, कनेक्टिकटने नाही. या बाई न्यूयॉर्कच्या मावशीकडे एकदा जेवल्या, पुढच्या आठवड्यात घरी परत जेवल्या. काँग्रेसने १९४१ मध्ये चौथा गुरुवार कायद्याने पक्का केला तेव्हा आपल्याला वाईट वाटलं होतं, असं त्या गंभीर चेहऱ्याने सांगतात.

मूळ गोष्ट मात्र सगळे ठाऊक आहे असं धरून सांगतात. १६२१ साली प्लिमथमध्ये इंग्रज वसाहतकरी आणि वाम्पानोआग लोक तीन दिवस एकत्र जेवले. एडवर्ड विन्स्लोने त्याच वर्षी लिहिलेल्या पत्रात त्याचं वर्णन आहे: मॅसासॉइट हा त्यांचा प्रमुख नव्वद माणसं घेऊन आला, त्यांनी पाच हरणं आणली, वसाहतीने पाखरं मारून आणली. टर्कीचं नाव त्यात नाही. पंपकिन पाय नाही, रताळं नाही. पुढे त्या लोकांच्या जमिनीचं काय झालं तेही त्या गोष्टीत सांगत नाहीत. १९७० पासून वाम्पानोआग आणि इतर मूळ रहिवासी याच गुरुवारी प्लिमथच्या टेकडीवर जमून शोकदिन पाळतात. पूर्वी आमच्याकडे भेटीला आलेल्या नातवंडांच्या डोक्यावर कागदी पिसांचे मुकुट चढवायचे, ते आता बंद झालं. बरं झालं. कृतज्ञतेच्या खेळात कोणाचे आभार मानायचे राहून गेले, हे मुलांना कळायला मुकुट नसलेलेच बरे.

आणि टर्की! “इंडियात टर्की असते का?” हे मला दर वर्षी कोणीतरी विचारतंच. पूर्वी मी नाही म्हणायचे. मग लेकीने कॉलेजात कलेच्या इतिहासाचा एक वर्ग घेतला आणि मला फोनवर एक चित्र दाखवलं. जहांगीरच्या दरबारातल्या उस्ताद मन्सूरने काढलेला टर्कीचा नर, गळ्याची लाल झालर, पिसन् पीस वेगळं. मुकर्रब खान हा सरदार १६१२ मध्ये गोव्याहून बादशहासाठी नवलाच्या चिजा घेऊन आला, त्यात हा पक्षी होता. अमेरिकेतला हा पक्षी पोर्तुगिजांमुळे गोव्याला पोचला, तिथून आग्र्याला. प्लिमथच्या जेवणाच्या नऊ वर्षं आधी. हे सांगितलं की टेबलावरच्या मंडळींचा विश्वास बसत नाही. मग मीही चित्र दाखवते.

प्रत्यक्ष गुरुवारी बोलायला फुरसत कमीच. टर्कीच्या जाड भागात थर्मामीटर खुपसून १६५ अंश फॅरनहाइट आल्याशिवाय कापायची नाही. स्टीम टेबलवर १३५च्या खाली काही जाऊ द्यायचं नाही. दर पदार्थाचं तापमान वहीत लिहायचं. सबंध भाजलेली एक टर्की फक्त मिरवायला बाहेर नेतात. सगळे टाळ्या वाजवतात, फोटो काढतात, आणि खायला मिळतात ते मागे कापून ठेवलेले छातीचे काप. नातेवाईक आलेले असतात, खुर्च्या कमी पडतात, कोणाचं तरी बाळ रडत असतं.

त्या गर्दीत सगळ्यात जास्त वेळ मी देते तो प्युरीच्या ताटांना. ज्यांना गिळता येत नाही त्यांचं जेवण. टर्की ग्रेव्ही घालून मिक्सरमध्ये अगदी गुळगुळीत होईपर्यंत फिरवायची. चमचा कलता केला की गोळा एकदम सुटून पडला पाहिजे, पण पातळ होऊन ओघळता कामा नये. मग करड्या मुठीचा आठ नंबरचा स्कूप, म्हणजे अर्धा कप. एक गोळा टर्कीचा, एक बटाट्याचा, निळ्या मुठीच्या लहान स्कूपने फरसबीचा. घाईत टाकलं की तीन रंगांचे तीन ढिगारे होतात. म्हणून मी टर्कीचा गोळा चमच्याच्या पाठीने जरा लांबट करते, बटाट्यात खळगा करून त्यात ग्रेव्ही सोडते. नर्सला घाई असते. असू दे.

एका वर्षी एका आजोबांची लेक त्या दिवशी आईच्या हातचं रेसिपी-कार्ड घेऊन किचनच्या दाराशी आली. वडिलांना आता चव कळते का, बोलणं कळतं का, तिला खात्री नव्हती. घरचं अन्न बाहेरून आणून द्यायला डाएटिशियनची परवानगी लागते; पण कार्डातला मसाला आमच्या फळीवर होताच. सेज, म्हणजे तुळशीच्याच कुळातली उग्र वासाची पानं. कार्डावर दोन चमचे लिहिले होते. शेफ म्हणाला, हे जास्त होतंय. लेक म्हणाली, आई एवढंच घालायची. घातलं. आजोबांनी घास घेतला, बराच वेळ तोंडात घोळवला, गिळला आणि बऱ्याच दिवसांत न ऐकू आलेल्या स्पष्ट आवाजात म्हणाले, “सेज फार घालते ही.” लेक हसता हसता रडली आणि धावत जाऊन तिने ते तसंच्या तसं झाडाच्या पानावर लिहून टांगलं. ॲक्टिव्हिटीवाल्या बाईंना ते कृतज्ञतेत बसतं की नाही कळेना, पण त्यांनी काढलं नाही.

आमचं, म्हणजे स्टाफचं जेवण साडेतीनला. मागच्या खोलीत प्रत्येकाने घरून आणलेलं. हैतीची कूक काळ्या अळंब्यांच्या पाण्यात शिजवलेला काळा भात आणते, फिलिपिन्सचा एक मुलगा पान्सित म्हणजे तिथल्या नूडल्स. मी घारगे नेते. इथले कोरून दिवे करायचे मोठे भोपळे पाणचट असतात, त्यांच्या नादी लागू नये. डब्यातली प्युरी असते ती मात्र बहुतेक डिकिन्सन जातीच्या भोपळ्याची, आपल्या लाल भोपळ्याच्या जवळची. तिच्यात गूळ विरघळवून, चिमूट मीठ, वेलदोडा, मावेल तेवढी कणीक आणि थोडी तांदळाची पिठी. पाण्याचा थेंब नाही. थापून, वर खसखस दाबून, मंद तळायचे. पंपकिन पायवर वाढलेला शेफ पहिल्या वर्षी साशंक होता. आता बुधवारीच विचारून ठेवतो. खाताना मीच सगळ्यांना माझा प्रश्न विचारते. हैतीची कूक म्हणते, भात माझे वडील करायचे, आईला स्वयंपाक कधी आलाच नाही. एवढं खमंग रांधणारी ती बाई आईच्या हातच्या कच्च्या भाताच्या गोष्टी सांगताना डोळे पुसते.

गेल्या वर्षी सासूबाई मिरजेहून आलेल्या होत्या. शिफ्ट संपवून घरी पोचले तेव्हा लेकीने कॉलेजच्या मैत्रिणीला आणलं होतं, टेबलावर पुलाव, ग्रीन बीन्सऐवजी घेवड्याची भाजी, दुकानचा पाय आणि माझे उरलेले घारगे. लेकीने फर्मान काढलं, प्रत्येकाने एकेक गोष्ट सांगायची. नवरा म्हणाला, “आरोग्य.” मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. सासूबाई म्हणाल्या, “सगळं छान आहे हो, मला कशाला?” विषय संपला.

मग मी त्यांच्या ताटात घारगा वाढला आणि विचारलं, “आई, हे तुमच्या माहेरी कोण करायचं?”

त्यांच्या आईचं नाव येईल असं मला वाटलं होतं. त्या म्हणाल्या, “आत्या.” वडिलांची थोरली बहीण. लहान वयात नवरा गेला, माहेरी परत आली. लाल आलवण. सगळ्यांच्या आधी उठून सोवळ्यात स्वयंपाक तिनेच करायचा. हळदीकुंकवाला बायका आल्या की मात्र ती माजघरातून बाहेर यायची नाही. प्रवासाला जाणाऱ्या प्रत्येकाच्या फडक्यात तिचे घारगे असायचे, कारण ते चार दिवस टिकतात. “आम्ही भावंडं शिकायला पुण्याला गेलो ते तिच्या घारग्यांवर,” सासूबाई म्हणाल्या. “ती स्वतः कुठे गेली नाही कधी.”

लेकीने विचारलं, “तिचं नाव काय होतं?”

सासूबाई थांबल्या. सगळे तिला माई म्हणायचे. नाव कागदावर कुठे आलं असेल तर सातबाऱ्यावर, आणि तिथेही आलं नसणार. आमच्याकडे रात्रीचे आठ वाजले होते, म्हणजे मिरजेत शुक्रवारची सकाळ. त्यांनी लगेच धाकट्या भावाला फोन लावला. मामांनी चहा घेत घेत एक नाव सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, ते सासरचं, माहेरचं सांग. माहेरचं त्यांनाही येईना. सांगलीच्या बहिणीला फोनवर घेतलं. बहीण म्हणाली, नाव राहू दे, पण घारग्यात वेलदोडा कोणी सांगितला? माई जायफळ घालायची. सासूबाई म्हणाल्या, जायफळ पुरणात, घारग्यात वेलदोडाच. मामांच्या मते दोन्ही नव्हतं, बडीशेप होती. तिघंही ऐंशीच्या आसपासची, फोन स्पीकरवर, आवाज चढलेले. लेकीची मैत्रीण घारगा खात विचारत होती, भांडण कशावरून चाललंय. मी उद्या सहाच्या शिफ्टला टर्कीची हाडं सूपला टाकायची म्हणून झोपायला गेले, तेव्हा सासूबाई बहिणीला म्हणत होत्या, “तुला काय माहीत, तू तेव्हा पाळण्यात होतीस.”